डोंगराच्या चित्रातली नखाएवढी माणसे

विलेपार्ले पूर्वेला आमचे दहा बाय पंधराचे घर आहे. विमान डोक्यावरून गेले की भिंतीवरच्या तसबिरी थरथरतात. या भिंतीवर तीन तसबिरी आहेत. एक तथागतांची, दुसरी बाबासाहेब आणि माता रमाई यांची, आणि तिसरी एका डोंगराची. येणारे-जाणारे पहिल्या दोन तसबिरींपुढे हात जोडतात आणि तिसरीकडे पाहून हमखास विचारतात, "हे काय लावलंय?"

हे चित्र आम्ही विकत घेतलेले नाही. पार्ले स्टेशनजवळच्या रद्दीच्या दुकानात एका कंपनीचे जुने कॅलेंडर पडले होते. बाकीची पाने फाटली होती, एकच शिल्लक होते. त्यावर लांबच लांब डोंगर, डोंगराच्या पोटात काळी काळी भोके, पुढे थोडी झाडी आणि त्या झाडीत नखाएवढी दोन-चार माणसे. खाली इंग्रजीत लिहिले होते, वेरूळचा डोंगर. रद्दीवाल्याने ते पान फुकट दिले. मी त्याला काच लावून घेतली.

आठवीतली माझी मुलगी एके दिवशी चित्राला नाक लावून उभी होती. म्हणाली, "पप्पा, हा खाली बसलेला माणूस कोण? त्याचं आडनाव काय असेल?" मी हसलो. पण तो प्रश्न डोक्यातून गेला नाही. वाचक हो, आज त्या प्रश्नाविषयीच लिहायचे आहे. निसर्गाचे चित्र म्हणजे नुसती झाडे, दगड आणि आभाळ नव्हे. अशा चित्रात माणसाविषयी पुष्कळ काही सांगितलेले असते. मात्र ते वाचता यावे लागते, आणि आपल्या समाजाने तर ते जरा जास्तच बारकाईने वाचायला हवे.

पत्रा, मेण आणि आम्ल

हे चित्र हाताने रंगवलेले नाही, छापलेले आहे. पण आजच्यासारखे नव्हे. त्याला एचिंग म्हणतात, मराठीत अम्लरेखन. ते कसे करतात हे मला पुस्तकाआधी माझ्या बाबांकडून कळले. बाबांनी तरुणपणी गिरगावातल्या एका ब्लॉक बनवणाऱ्या कारखान्यात वीसएक वर्षे नोकरी केली. ऑफसेट छपाई येण्यापूर्वी वर्तमानपत्रात किंवा जयंतीच्या पत्रकावर फोटो छापायचा तर आधी जस्ताचा ब्लॉक करावा लागे, आणि तो आम्लात टाकून तयार होई. बाबांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांवर आजही त्या आम्लाचे पांढरे डाग आहेत. हातमोजे मागितले तर मिळत नसत.

बाबांनी नातीला समोर बसवून सांगितले ते असे. तांब्याचा गुळगुळीत पत्रा घ्यायचा. त्यावर मेण आणि राळ यांचा पातळ थर द्यायचा. सुईने तो थर खरवडत चित्र काढायचे. मग पत्रा आम्लात बुडवायचा. जिथे मेण आहे तिथे तांबे शाबूत राहते, जिथे सुई फिरली तिथे आम्ल तांबे खाते. जितका जास्त वेळ ठेवावा तितकी रेघ खोल आणि छापल्यावर तितकी काळी. नंतर पत्र्यावर शाई चोळायची आणि वरची पुसून टाकायची. खाचेतली शाई तेवढी उरते. ओलसर कागद ठेवून दाबयंत्रातून काढला की खाचेतली शाई कागदावर येते. राळेची बारीक पूड पत्र्यावर भाजून घेतली तर आभाळाच्या आणि सावलीच्या फिक्या-गडद छटाही धरता येतात. त्या पद्धतीला अॅक्वाटिंट म्हणतात. आमच्या भिंतीवरचे मूळ चित्र त्याच पद्धतीचे.

"आमच्या ब्लॉकात याच्या उलट," बाबा म्हणाले. "आम्ही रेघ राखायचो आणि बाकीचं आम्लाला खायला घालायचो. पण एक गोष्ट दोन्हीकडं सारखी. पत्र्याला खाल्ल्याशिवाय चित्र उमटत नाही."

नात आजोबांची बोटे पाहत राहिली.

तीन झाडे आणि एक गळवाला

या कलेत जगात मोठे नाव हॉलंडच्या रेम्ब्रांटचे. त्याचे १६४३ सालचे 'तीन झाडे' नावाचे एचिंग प्रसिद्ध आहे. आकाराने ते शाळेच्या चित्रकलेच्या वहीच्या पानाएवढेच. उजवीकडे उंचवट्यावर तीन झाडे एकमेकांना धरून उभी आहेत. डावीकडून पावसाच्या तिरप्या सरी येताहेत. मधे सपाट मुलूख आणि लांबवर शहर. प्रथम पाहणाऱ्याला एवढेच दिसते. ती तीन झाडे म्हणजे ख्रिस्ताच्या वेळचे तीन क्रूस, असा अर्थही कित्येकांनी लावला आहे.

पण चित्र डोळ्यांजवळ धरले की माणसे दिसू लागतात. पाण्याच्या काठी एक जण गळ टाकून बसला आहे, त्याच्याजवळ एक बाई आहे. झुडपाच्या अंधारात एक जोडपे लपले आहे. उंचवट्यावर एक चित्रकार बसला आहे, आणि त्याचे तोंड वादळाकडे नाही, भलत्याच दिशेला आहे. वादळ आपल्या जागी, आणि गळवाला आपल्या कामात. निसर्ग केवढा मोठा आणि माणूस केवढा लहान, हे तर चित्रात आहेच. पण तो लहान माणूस पोटाचे, प्रेमाचे आणि कलेचे काम थांबवत नाही, हेही त्यात आहे. हातावर पोट असणाऱ्यांना हा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. २६ जुलै २००५ च्या पावसात मुंबई बुडाली होती, तरी दुसऱ्या दिवशी आपली माणसे कामावर जायची वाट शोधत होतीच.

तेव्हा निसर्गचित्र वाचण्याचा पहिला नियम असा की, आधी त्यातला सर्वांत लहान माणूस शोधावा.

साष्टी बेटावर आलेला चित्रकार

आता आपल्या मुलखाकडे येऊ. आपले पार्ले पूर्वी मुंबई बेटाचा भाग नव्हते. ते साष्टी बेटावर. कान्हेरी, महाकाली, जोगेश्वरी ही सारी लेणी याच बेटावरची.

१७९१ साली जेम्स वेल्स नावाचा स्कॉटलंडचा चित्रकार मुंबईत आला. त्याने मुंबई बेट आणि आसपासचे देखावे काढले. त्यांतल्या बारा देखाव्यांची एचिंग १८०० साली लंडनला प्रसिद्ध झाली. पण त्याचा खरा जीव जडला तो लेण्यांवर. घारापुरी, कान्हेरी, कार्ले, वेरूळ येथे जाऊन तो चित्रे काढू लागला. १७९३ साली टॉमस डॅनियल आणि त्याचा पुतण्या विल्यम हे दोन चित्रकार मुंबईत आले, तेव्हा वेल्सने त्यांनाही लेणी दाखवली. वेल्सचे काम मात्र पुरे झाले नाही. लेण्यांची चित्रे काढण्याच्या उद्योगात असतानाच १७९५ साली तो तापाने वारला. पुढे टॉमस डॅनियलने वेल्सच्या चित्रांवरून चोवीस देखावे तयार करून १८०३ साली लंडनला छापले. आमच्या कॅलेंडरचे पान त्याच मालिकेतले.

या साहेब चित्रकारांनी आपल्या लेण्यांत काय पाहिले? त्या काळी त्यांच्याकडे पडक्या वास्तूंच्या चित्रांची मोठी आवड होती. फुटलेला खांब, भिंतीत शिरलेली झाडाची मुळे, दारावर लोंबणारे वेल आणि पुढ्यात एखादा गुराखी. अर्थ असा की, राजे गेले, साम्राज्ये गेली, निसर्गाने सर्व परत घेतले. सर्व काही बदलते आणि नाश पावते, हे तर तथागतांनीही सांगितले. तेव्हा चित्रातला हा अर्थ खोटा नाही.

पण तो अर्धा आहे. लेण्यावर झाड उगवले ते निसर्गाने. लेणे कोणाचे होते हे विसरले गेले ते मात्र माणसांमुळे. झाडाच्या मुळाला दगडात भेग पाडता येते, पण लेण्याचे नाव बदलता येत नाही.

चित्राखालचे नाव

त्या १८०३ च्या मालिकेचे नावच 'वेरूळच्या डोंगरातील हिंदू कोरीवकामे' अशा अर्थाचे आहे. वेरूळला एकूण ३४ लेणी. त्यांतली १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू आणि शेवटची पाच जैन. साऱ्यांना एकच पाटी लागली. दहाव्या लेण्यात स्तूपापुढे बुद्ध बसले आहेत, पण त्या लेण्याला नाव मिळाले विश्वकर्मा. लोक त्याला सुताराचे झोपडे म्हणत.

आणि दक्षिणेकडची पहिली, सर्वांत जुन्या लेण्यांतली बौद्ध लेणी? त्यांचे नाव वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवले होते. चार्ल्स मॅलेट हा पुण्याच्या पेशवे दरबारातला इंग्रजांचा वकील. त्याने वेरूळचे सविस्तर वर्णन लिहिले. त्यात या लेण्यांचे नाव त्याने स्थानिकांकडून ऐकले तसे उतरवले, ढेडवाडा. पुढे एकोणिसाव्या शतकात बर्जेस साहेबांनी लेण्यांना क्रमांक दिले, तेव्हाही हे नाव नोंदले गेले आणि पाचव्या लेण्याला महारवाडा म्हटले गेले. ज्यांनी वेरूळ पाहिले आहे त्यांना हे पाचवे लेणे आठवत असेल. लांबच लांब दालन, आणि मधोमध आतपर्यंत गेलेले दोन बुटके दगडी बाक. भिक्खूसंघ तिथे समोरासमोर बसत असे.

हे नाव हिणवण्यासाठी पडले असो, नाहीतर आपलीच माणसे उन्हापावसात तिथे आसरा घेत होती म्हणून पडले असो. गावाने जसे आम्हाला वेशीबाहेर ठेवले, तसे त्या लेण्यांनाही ठेवले.

आता १९३४ सालची गोष्ट आठवा. बाबासाहेब आणि चळवळीतली तीसेक मंडळी सहलीला निघाली. काहीही झाले तरी वेरूळची बौद्ध लेणी पाहायचीच, असे ठरले होते. वाटेत दौलताबादचा किल्ला लागला. प्रवासाने सगळे धुळीने माखलेले. दाराशी पाण्याने भरलेला हौद होता. मंडळींनी हात, पाय, तोंड धुतले. तेवढ्यात ओरड झाली की ढेडांनी हौद बाटवला. जमाव जमला, शिवीगाळ झाली. शेवटी पाण्याला कोठेही हात लावायचा नाही अशी ताकीद मिळाली आणि बरोबर हत्यारी शिपाई देऊन किल्ला दाखवला गेला. बाबासाहेबांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या लेखनात हा प्रसंग सांगितला आहे.

बंधू-भगिनींनो, यातली जुळणी ध्यानात घ्या. बाबासाहेब ज्या लेण्यांकडे निघाले होते, त्या लेण्यांवर जो शब्द फेकला गेला होता, तोच शब्द वाटेत त्यांच्यावरही फेकला गेला.

आमच्या भिंतीवरच्या चित्राकडे मी त्यानंतर पाहिले तेव्हा मुलीच्या प्रश्नाचे उत्तर सापडल्यासारखे वाटले. डोंगर एवढा मोठा आहे की त्याच्यापुढे उभा असलेला आणि खाली बसलेला, दोघेही सारखेच नखाएवढे दिसतात. त्यांची जात दिसत नाही. आडनाव दिसत नाही. डोंगराने, झाडाने, आभाळाने कोणालाच लहान-मोठे मानलेले नाही. चित्रात समता आहे. जात आली ती चित्राखालच्या अक्षरांत, आणि ती अक्षरे निसर्गाने लिहिलेली नाहीत.

तांबटाचा हात

या गोष्टीतला आणखी एक लहान माणूस शोधून काढला पाहिजे. वेल्सने पुण्यात पेशव्यांच्या आश्रयाने चित्रशाळा काढली. तिथे गंगाराम तांबट नावाचा एक मराठी चित्रकार शिकला. तांबट म्हणजे तांब्याची भांडी ठोकणारा. गंगारामने वेरूळ आणि कार्ले येथील लेण्यांची स्वतंत्र चित्रे काढली. कार्ल्याच्या चैत्यातला स्तूप त्याने मोठ्या काळजीने उतरवला आहे. आज त्याची चित्रे अमेरिकेत येल विद्यापीठाच्या कलासंग्रहात आहेत.

लंडनला छापलेल्या त्या मालिकेवर वेल्स आणि डॅनियल यांची नावे आहेत. आपल्याकडे किती जणांनी गंगाराम तांबट हे नाव ऐकले असेल? पण त्याचे नाव निदान कागदावर राहिले. डोंगर फोडणाऱ्या छिन्नीवाल्यांची तेवढीही नोंद सहसा राहत नाही. बाबांनी आयुष्यभर इतके ब्लॉक केले, त्यांतल्या एकावरही त्यांचे नाव नाही. लेण्याचे चित्र पाहताना म्हणूनच मनात आणावे की, हा अंधार डोंगरात आपोआप पडलेला नाही. कोणाच्या तरी हाताने दगड काढला म्हणून ही सावली इथे आहे.

महाकालीला एक रविवार

नुसते चित्र पाहून भागले नाही. एका रविवारी आम्ही चौघे अंधेरीला उतरून बसने महाकालीच्या लेण्यांवर गेलो. जुने नाव कोंडिविटे. एकूण १९ लेणी. चहूकडे इमारती, आणि मधे हा खडक. नवव्या लेण्यात स्तूप आहे. त्याच्याभोवती गोल खोली आणि तिला दगडी जाळीच्या खिडक्या. आत एकदम गार वाटते. दगड इथे ठिसूळ, पावसाने झिजून बोटाने चाचपावा लागतो.

बाबांना पायऱ्या चढवत नाहीत. ते खाली पाण्याच्या टाक्याजवळ बसले. नातीला म्हणाले, "निसर्गाशी कसं वागावं ते या टाक्यात बघ. डोंगराचा दगड घेतला, आणि त्याच्या बदल्यात पावसाचं पाणी साठवायला जागा करून ठेवली."

हे खरे आहे. कान्हेरीला तर शंभराहून अधिक लेणी आहेत आणि जवळजवळ प्रत्येकाच्या शेजारी पाण्याचे टाके कोरलेले आहे. तिथल्या शिलालेखांत टाक्याला पोढी म्हटले आहे. पोढी दान दिली, बाक दान दिला, असे लेख आहेत. दाते सगळे राजे-सावकार नव्हते. भिक्खुणी आहेत, घरसंसार करणाऱ्या बाया आहेत. कल्याणच्या एका लोहाराने तर वाट करून दिल्याची नोंद आहे. पावसाळ्याचे महिने भिक्खूंनी एका जागी राहावे म्हणून ही निवासस्थाने. निसर्गावर मात करायची नाही आणि त्याच्यापुढे हतबलही व्हायचे नाही. पाऊस येणार हे मान्य करून त्याच्यासोबत राहण्याची सोय करायची. साहेबांच्या चित्रांत निसर्ग माणसाचे काम गिळताना दिसतो. टाक्याजवळ बसल्यावर दिसते की, इथल्या माणसाने आपले काम निसर्गाला धरूनच केले होते.

ज्या परंपरेत पाणी दान म्हणून दगडावर कोरले गेले, तिच्याच वाटेवर १९३४ साली पाण्याला हात लावू नका म्हणून शिपाई उभा केला गेला. पाऊस मात्र त्या हौदात आणि या टाक्यात सारखाच पडत होता. ही दोन पाणी मुलांना एकत्र दाखवली म्हणजे निसर्ग काय आणि माणसाने केलेला भेद काय, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

मुलीने वही काढली. टाके काढले, टाक्याजवळ बसलेले आजोबा काढले. आजोबा अगदी लहान झाले, कारण तिने खडक पानभर काढला होता. खाली काय लिहू, असे तिने विचारले. मी काही बोललो नाही. थोडा वेळ विचार करून तिने आधी लेण्याचे नाव लिहिले, मग तारीख, आणि त्याखाली आजोबांचे पूर्ण नाव. पुढे कंसात लिहिले, ब्लॉकमेकर.

बाबांनी वही हातात घेतली. डोळ्यांना कमी दिसते म्हणून उजेडात धरली. स्वतःचे नाव दोनदा वाचले आणि म्हणाले, "छापलेलं नाही, पण पहिल्यांदाच चित्राखाली नाव आलं."

वाचकांना माझी विनंती एवढीच आहे. येत्या सुट्टीत मुलांना घेऊन महाकालीला, कान्हेरीला किंवा आपल्या गावाजवळच्या लेण्याला जा. वही-पेन्सिल बरोबर घ्या. टाक्यात प्लॅस्टिक टाकू नका, दगडावर नाव कोरू नका. मुलांना चित्र काढू द्या, कसेही येवो. त्यात एक तरी माणूस काढायला सांगा, आणि चित्राखाली त्याचे खरे नाव लिहायला सांगा. आपल्या लेण्यांखाली दुसऱ्यांनी काय लिहिले ते आपण पाहिले. आता आपल्या हाताने लिहू.

जय भीम!